मालक हजर आहे

“इथे राहणारी बाई कुठे आहे?” गावच्या कचेरीतून आलेली साहेबीण तिसऱ्यांदा विचारत होती, आणि माझे दीर मधूभावजी दात घासायचा ब्रश तिच्या नाकापुढे धरून उभे होते.

ब्रश ओला होता. ओला आहे म्हणजे आज सकाळी दात घासले, सकाळी घासले म्हणजे रात्री इथेच झोपलो, इथे झोपलो म्हणजे मी इथे राहतो, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. साहेबिणीने ब्रशकडे पाहिलं, मग हातातल्या फाइलीकडे, मग मागच्या घराच्या दारावरच्या पितळी पाटीकडे. पाटीवर ‘कुसुम’ लिहिलेलं. वर इंग्रजी अक्षरांत, खाली आपल्या.

माझी नात इरा सर्दीमुळे शाळेत गेली नव्हती. ती मफलर गुंडाळून आमच्या मधे उभी होती. साहेबीण जर्मन बोलायची आणि इरा मला मराठीत सांगायची, जमेल तेवढं.

“आजी, ती म्हणते मालक इथे राहत नाही. मालक राहत नसेल तर मागचं घर लेअर. म्हणजे रिकामं. कोणीच राहायचं नाही.”

“कधीपासून?”

“फेब्रुवारी संपला की.”

“अहो भावजी, मग सांगा ना तिला,” मी म्हटलं. “कुसुम कोण ते सांगा आणि मोकळे व्हा.”

भावजींनी ब्रश आणखी वर धरला. “मालक हजर आहे,” ते मराठीतच म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दिवसातून दहा वेळा ऐकते. त्या दिवशी ते इतकं बारीक आलं की मलासुद्धा खरं वाटलं नसतं.

मधूभावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याहत्तर. मिरजेचे. लेथवर काम करायला तरुणपणी जर्मनीत आले आणि इथलेच झाले. डार्मश्टाटजवळच्या एका गावात त्यांनी घर घेतलं. दोन मजली, लाल कौलांचं. मागे मोठं अंगण. त्या अंगणात त्यांनी दुसरं एक लहान घर बांधलं, एक खोली, मोरी आणि चूल मांडायला कोपरा. आईसाठी बांधलं. माझ्या सासूबाईंनी त्याचा फोटो पाहिला, “छान आहे हो,” म्हणाल्या, आणि मिरज सोडली नाही ती नाहीच.

हे मागचं घर बांधायला कचेरीने परवानगी दिली ती एका अटीवर. एका जागेत दोन घरं हवी असतील तर मालकाने स्वतः त्या जागेत राहिलं पाहिजे. दोन्हीकडे भाडेकरू ठेवायचे आणि मालक तिसऱ्याच गावी, असं चालणार नाही. साधी अट आहे. दुसऱ्या कोणी सही करून कागद कपाटात टाकला असता. भावजींनी ती अट अंगाला लावून घेतली.

सकाळी सात वाजता ते खिडकीवरची झडप वर ओढतात. ती हळू ओढता येते, मी ओढून पाहिली आहे. ते मुद्दाम खडखडाट करतात. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या गल्लीला सांगतात, “मालक हजर आहे!” पलीकडच्या घरातली हिल्डे नावाची म्हातारी तिच्या खिडकीतून ओरडते, “मोर्गन, हेर कुम्बो!” आमचं आडनाव कुंभोजकर. तिला ते अर्धंच झेपतं. इतक्या वर्षांत तिला त्या मराठी वाक्याचा अर्थ कोणी सांगितलेला नाही. तिला वाटतं, ही भारतातली प्रार्थना आहे.

रात्री बाहेर राहायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. मालक म्हणजे रात्री आपल्या अंथरुणात सापडला पाहिजे. पुण्यात माझ्या भाचीचं लग्न झालं, आले नाहीत. एकदा कोलोनच्या मराठी मंडळींनी गणपतीला बोलावलं. हे सकाळच्या गाडीने गेले, आरती संध्याकाळी होती, तर आरतीच्या आधीच डब्यात मोदक भरून घेऊन परतीच्या गाडीत बसले. मंडळाच्या लोकांनी विचारलं, काका, एक रात्र राहा की. “गेनाऊ, राहिलो असतो,” हे म्हणाले, “पण माझ्या घराला मालक लागतो.”

बर्फ पडला तरी यांचे मोजे बाहेरच्या दोरीवर. मोजे वाळत नाहीत, लाकडासारखे कडक होतात. दारावर टकटक करायला वापरता येतील इतके. यंदा मी म्हटलं, “अहो, आत घाला वाळत.”

“वहिनी, रस्त्यावरून दिसले पाहिजेत. मोजे आहेत म्हणजे पाय आहेत, पाय आहेत म्हणजे माणूस आहे.”

“माणूस आहे, डोकं नाही,” मी म्हटलं.

“गेनाऊ,” ते म्हणाले. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. कोणीही काहीही बोललं की ते आधी गेनाऊ म्हणतात आणि मग आपलंच खरं करतात.

आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलाला, सुधीरला, डार्मश्टाटला नोकरी लागली. सून मानसी इंजिनियर, इरा दोन वर्षांची. तिथे घर मिळणं किती कठीण आहे हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. चार महिने ते तिघं एका हॉटेलच्या खोलीत राहिले. तेव्हा भावजी एकटेच मोठ्या घरात राहत होते. त्यांची बायको कुसुम आदल्याच वर्षी गेली होती. मूलबाळ नाही. त्यांनी सुधीरला फोन केला आणि सांगितलं, “सामान घेऊन या. पुढचं घर तुमचं, मी मागे राहतो.”

सुधीर म्हणाला, “काका, असं कसं? आम्ही तिघं मागे राहू, तुम्ही पुढे राहा.”

“नाही चालत. नियम आहे. मालकाने मागच्या घरातच राहायचं. पुढचं कुटुंबासाठी. माझ्याकडे कागद आहे.”

कागदावर सुधीरचा फार विश्वास. आठ वर्षं जर्मनीत काढून तो आणखी वाढला. कागद आहे म्हटल्यावर तो कागद बघायलासुद्धा कोणी मागितला नाही. मला फोनवर सांगितलं, आई, इथे असा नियम आहे. मी म्हटलं, असेल. तिथे कचरा कुठल्या दिवशी कुठल्या डब्यात टाकायचा त्याचेही नियम आहेत, रविवारी खलबत्त्यात कुटायचं नाही याचाही आहे. त्यात हा एक.

एकदा पुढचं घर आम्हाला दिल्यावर भावजी त्यात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. स्वतःच्या घराची घंटा वाजवून बाहेर उभे राहतात. मी जेवायला हाक मारली तरी.

“वहिनी, येऊ का?”

“या हो, भाकरी गार होतेय.”

“भाडेकरूच्या घरात मालकाने एकदम शिरायचं नसतं.”

“मग भाडेकरूची भाकरी दारात उभं राहून खा.”

मग येतात. जेवताना दोनदा म्हणतात की भाकरी गोल झाली आहे, पण एका बाजूला दोन मिलिमीटर जाड आहे. लेथवरचा माणूस. मी त्यांना सांगितलंय, जाड बाजूने सुरू करा.

मी दर वर्षी तीन महिन्यांसाठी जाते. व्हिसा तेवढाच मिळतो. आपल्याकडची सगळी म्हातारी माणसं उन्हाळ्यातच जातात, मीही तशीच. मे महिन्यात जायचं, ऑगस्टमध्ये परत. उन्हाळ्यात ते मागचं घर बघण्यासारखं असतं. दाराशी टोमॅटो, खिडकीत तुळस, पितळी पाटी घासून लखलखीत. ती पाटी त्यांनी स्वतः लेथवर फिरवून केली, कुसुम गेल्यावर. आपल्याकडे घराला नाव असतं. मिरजेत आमच्या गल्लीत प्रत्येक फाटकावर कुणाच्या ना कुणाच्या आईचं, आजीचं नाव आहे. आत राहतो कोण ते पोस्टमनला पाठ असतं. मला ती पाटी बघून काहीच वेगळं वाटलं नाही. भावजींनाही नाही. तिथेच चूक झाली. जर्मनीत घराला नाव नसतं, नंबर असतो. दारावर ज्याचं नाव, तो माणूस आत.

यंदा मानसीला कंपनीने तीन महिन्यांसाठी ड्रेस्डेनला पाठवलं. इराकडे बघायला कोणी नाही, म्हणून मी पहिल्यांदाच जानेवारीत गेले. पुढचं घर छान उबदार. सुधीर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडायचा. मी भावजींना विचारलं, “तुमच्याकडे कसं आहे?”

“भट्टी आहे भट्टी. रात्री पांघरूण काढून टाकतो.”

“बघू तरी.”

“दोन माणसांना बसायला जागा नाही, वहिनी. उन्हाळ्यात या.”

आणि मग एका मंगळवारी साहेबीण आली.

तिचीही बाजू सांगते. कचेरीने गावातली अशी जोडघरं तपासायला घेतली होती. मालक खरंच राहतात की नुसते कागदावर, ते बघायला. ती शरद ऋतूत एकदा येऊन गेली होती. पुढच्या दारावर कुंभोजकर. सुधीरने सांगितलं, आम्ही भाडेकरू, मालक मागे राहतात. मागे गेली तर दारावर कुसुम. भावजी नेमके दुकानात गेलेले. तिने कुसुमबाईच्या नावाने पत्र टाकलं, की बाई, तुम्ही कोण, इथे कधीपासून राहता, आणि मालक कुठे? उत्तर नाही. दुसरं टाकलं. तिसरं टाकलं. तिन्ही पोचली, उत्तर एकाचंही नाही. तिने काय समजायचं? भावजींनी ओळखपत्र दाखवलं, त्यावर पत्ता होता. ती म्हणाली, पत्ता कोणीही नोंदवतो. दारावर तुमचं नाव नाही. आत कोणी बाई राहते, ती पत्राला उत्तर देत नाही, आणि तुम्ही मला ब्रश दाखवता.

एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. तो एक शब्द भावजी बोलेनात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, थंडीत उघड्या डोक्याने उभा, घर जायची वेळ आली तरी ओठ घट्ट.

मला असला घोळ आवडत नाही. मी इराला म्हटलं, “सांग तिला, कुसुम मेली. नऊ वर्षं झाली. यांची बायको होती.”

इराने सांगितलं. साहेबिणीने फाइल मिटली.

“वहिनी,” भावजी म्हणाले, “एवढ्या मोठ्याने सांगायची गरज नव्हती.”

“बहिऱ्यासारखे तुम्ही उभे, मी काय करू?”

“ती आत आहे. ऐकू जातं.”

मी दारावरच्या पाटीकडे पाहिलं.

साहेबिणीने मऊ आवाजात विचारलं, आत येऊ का? भावजींनी ब्रश खिशात ठेवला आणि दार उघडलं. मीही गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी.

आत एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. सगळं जागच्या जागी, रेघ मारल्यासारखं. टेबलावर कुसुमचा फोटो. फोटोपुढे कचेरीची तीन पाकिटं उभी करून ठेवलेली, उंचीप्रमाणे, न फोडलेली. बाजूला एक वाटी, वाटीत अक्रोड, पाकिटं पडू नयेत म्हणून टेकू.

साहेबिणीने आपली पाकिटं ओळखली. “ही माझी पत्रं आहेत,” ती म्हणाली.

“नाइन,” भावजी म्हणाले. “कुसुमची.”

“पण उघडली का नाहीत?”

भावजींना या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडणं गुन्हा आहे, त्यांनी कचेरीतल्याच बाईला सांगितलं. नवऱ्यालासुद्धा परवानगी नाही. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “नऊ वर्षांत तिला कोणाचं पत्र आलं नव्हतं, वहिनी. लागोपाठ तीन आली.”

साहेबीण खुर्चीवर बसली. तिने पत्रांना हात लावला नाही, हे तिचं मला आवडलं. फाइलीतून जुना कागद काढला आणि त्यातली अट वाचून दाखवू लागली. इरा कान देऊन ऐकत होती.

“आजी, यात लिहिलंय, मालकाने इथे राहायचं. फोर्ने ओडर हिंटन. पुढे किंवा मागे. एगाल.”

एगाल हा शब्द मला चांगला येतो. इरा दिवसभर तोच म्हणते. पोळी हवी की भाकरी? एगाल. लाल स्वेटर की निळा? एगाल. कुठलंही चालेल.

“पुन्हा विचार तिला,” मी म्हटलं. “मालकाने मागेच राहायचं असं कुठे लिहिलंय का?”

इराने विचारलं. साहेबीण म्हणाली, छे, असा नियम कधीच नव्हता. पुढे राहिले असते तरी चाललं असतं.

मी भावजींकडे पाहिलं. ते खिशातला ब्रश काढून त्याचे केस सरळ करत होते.

“आल्झो, म्हणजे त्याचं असं, वहिनी...”

“आल्झो राहू द्या.”

मी भिंतीपाशी गेले. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर होता, त्यातून गरम पाणी फिरतं आणि खोली तापते. हात लावला. बर्फ. इतका वेळ मला वाटत होतं, दार उघडं आहे म्हणून गार लागतंय. दार बंद होतं. बोलताना इराच्या तोंडातून वाफ येत होती. पलंगावर पांघरुणावर पांघरूण, त्यावर ओव्हरकोट. रेडिएटरची चावी बंद, आणि कोणी चुकून उघडू नये म्हणून तारेने पिळून बांधलेली. तार सुबक, टोकं आत वळवलेली. हे काम कोणाचं ते विचारायला नको.

“हे काय?”

“बॉयलर एकच आहे, पुढच्या घरात. जुना आहे. कडक थंडीत दोन्ही घरांना पुरत नाही. पुढे लहान मूल.”

“मूल दहा वर्षांचं झालं.”

“गेनाऊ,” भावजी म्हणाले. “सवय झाली मग.”

मिरजेला आमच्या घरात एकच खोली होती आणि बाहेर ओटा. मी लग्न होऊन आले तेव्हा मधूभावजी शाळेत होते. अभ्यासाला त्यांना दिवा आणि दार लावता येईल अशी जागा हवी होती. सासूबाई आणि मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात झोपायचो. माझा नवरा सहा वर्षं बाहेर ओट्यावर झोपला. डिसेंबरातसुद्धा. विचारलं की म्हणायचा, “मला आत उकडतं.” थंडीने दात वाजायचे आणि हा उकडतं म्हणायचा. मधूभावजी तेव्हा खरं मानायचे, असं मला वाटायचं. मानत नव्हते. शिकत होते.

आमच्या घरातले पुरुष खोटं बोलतात ते असलं. मला त्यांचा राग येतो आणि गल्लीभर ओरडून सांगावंसंही वाटतं की ही माणसं माझी आहेत.

साहेबिणीने जाताना एवढंच सांगितलं की दारावर स्वतःचं नाव लावा, बाकी सगळं ठीक आहे. पाटी काढायला हवी का, असं भावजींनी तिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, काढू नका, तुमचं खाली लावा. फाटकाबाहेर जाताना तिने दोरीवरच्या कडक मोज्यांकडे पाहिलं. भावजींनी लगेच सांगितलं, माझेच आहेत.

संध्याकाळी सुधीर आला. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आठ वर्षं वीस पावलांवर राहतोस आणि एकदा जाऊन भिंतीला हात लावला नाहीस, एवढं एक लिहिते. मग त्याने आणि मी मिळून भावजींचा पलंग उचलला आणि पुढच्या घरातल्या खालच्या खोलीत आणून ठेवला.

भावजी दारात उभे. “वहिनी, येऊ का?”

“आज विचारलंत तर भाकरी नाही.”

आले. पण दुसऱ्या दिवशी सुधीरपुढे कागद ठेवला, स्वतः टाइप केलेला. मालक हिवाळ्यात पुढच्या घरात पाहुणा म्हणून राहील, उन्हाळ्यात मागे जाईल, पाहुण्याने दुपारी घोरायचं नाही. खाली सहीला जागा. सुधीरने सही केली. फोटो, पाकिटं आणि अक्रोडाची वाटी मात्र त्यांनी मागेच ठेवली. रोज सकाळी सातला पुढची झडप खडखडवून गल्लीला ओरडून झालं की अंगण ओलांडून तिथे जातात आणि तेच वाक्य पुन्हा म्हणतात, हळू आवाजात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. रेडिएटरची तार मी पक्कडीने तोडली.

महिन्याभरात कचेरीचं पत्र आलं, या वेळी त्यांच्या नावाने. ते त्यांनी उघडलं. इराने वाचून दाखवलं. तपासणी पूर्ण, मालक जागेवर राहतो.

कुठे राहतो, किती वर्षं, कसा, ते त्यात नव्हतं, म्हणून मी सांगते. त्या मागच्या खोलीत आठ हिवाळे काढले ते माझ्या दिराने, मधुकर कुंभोजकराने. एकट्याने.